विचारलं तर साहेब रागावतील का?

इचलकरंजीहून एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं तिनं लिहिलं आहे. पत्र थोडं कमी करून देते.

"ताई, माझ्या लग्नाला दोन वर्षं होत आली. हे कॅनडात किचनरला असतात, पीआर आहेत, म्हणजे तिथले कायमचे रहिवासी, गोदामात कामाला. लग्नानंतर तीन आठवड्यांत परत गेले. मला तिकडे न्यायला स्पॉन्सरशिपची फाइल टाकून १७ महिने झाले. बायोमेट्रिक झालं, मेडिकल होऊनही १४ महिने झाले. त्यानंतर काही नाही. स्टेटस उघडलं की 'प्रक्रिया सुरू आहे' एवढंच दिसतं. हे दर पंधरा दिवसांनी वेबफॉर्म भरतात, दर वेळी तेच ठरावीक उत्तर येतं. मध्यंतरी मी लग्नानंतरचं नाव घालून नवा पासपोर्टही काढून घेतला, म्हणजे तिकडे गेल्यावर त्रास नको. पतसंस्थेतली नोकरी फाइल टाकली तेव्हाच सोडली होती. सासरे म्हणतात, कोल्हापुरात एक एजंट आहे, दीड लाख घेतो, त्याची 'आत' ओळख आहे. सासूबाई म्हणतात, हे डिसेंबरात येतील तेव्हा बाळाचं मनावर घ्या. पण गरोदर राहिले तर फाइल अडेल का? आणि सारखं विचारून तिकडचे साहेब रागावले तर? शेजारच्या काकू गॅलरीतून रोज विचारतात, 'अजून इथंच?' आता मला कपडे वाळत घालायलाही जावंसं वाटत नाही."

तुला अगं-तुगं करते, चालेल ना? तुझ्या वयाची होते तेव्हा मीही अशीच वाट बघत होते.

आधी तुझ्या भीतीबद्दल. साहेब रागावत नाहीत. विचारलं म्हणून फाइल खाली सरकत नाही आणि नकारही येत नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यानं आपल्या उद्देशांतच कुटुंबांना एकत्र आणण्याचं नाव घेतलं आहे. नवऱ्यानं बायकोची फाइल कुठवर आली हे विचारणं हा त्याचा हक्क आहे, उपकार मागणं नव्हे. पण दर पंधरा दिवसांनी तोच प्रश्न पाठवला की फाइल हलत नाही हेही तितकंच खरं. 'माझ्या फाइलचं काय झालं' या प्रश्नाला 'प्रक्रिया सुरू आहे' याखेरीज दुसरं उत्तरच नसतं. उत्तर हवं असेल तर उत्तर देता येईल असा प्रश्न हवा. आणि तसा प्रश्न तुझ्या पत्रातच आहे, तुझ्या लक्षात आलेला नाही एवढंच.

पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. "मध्यंतरी मी लग्नानंतरचं नाव घालून नवा पासपोर्टही काढून घेतला." हे तू आयआरसीसीला, म्हणजे तिकडच्या इमिग्रेशन खात्याला, कळवलंस का? पत्रात तसं कुठंच नाही. नसेल कळवलं, तर या घडीला तुझी फाइल जिच्या नावावर आहे, त्या नावाचा चालू पासपोर्ट अस्तित्वात नाही.

आपल्याकडे लग्नात नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं नावही बदलतं. वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं. आपल्या डोळ्यांना ती एकच मुलगी. पण ओटावातल्या किंवा दिल्लीतल्या टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्याला तीनपैकी दोन शब्द वेगळे असलेली दोन नावं दिसतात. तुझं मेडिकल, बायोमेट्रिक, पोलिसांचा पीसीसी दाखला, सगळं जुन्या नावानं आणि जुन्या पासपोर्ट नंबरावर. शेवटी पासपोर्ट मागवतील तेव्हा हातात येणार नवं नाव आणि नवा नंबर. हे तेव्हा उघड झालं तर त्या टप्प्यावर पुन्हा थांबावं लागेल. आज कळवलंस तर कागद फाइलला लागेल आणि विषय संपेल. यात तू काही गुन्हा केलेला नाहीस, घाबरू नकोस. अर्ज चालू असताना नाव, पासपोर्ट, पत्ता, घरातली माणसं यांत काही बदललं तर ते आपण होऊन कळवायचं असतं, इतकंच.

माझ्या वेळी सगळा कारभार कागदावर होता. फाइल चालू असताना आम्ही पुण्यातलं वाड्यातलं घर सोडून कोथरूडला आलो. नवा पत्ता कळवायचा राहिला. मेडिकलचं पत्र वाड्याच्या जिन्याखाली लाकडी पेटी होती तिच्यात येऊन पडलं. पोस्टमननं टाकलं, घरमालकीणबाईंनी कुणाचं तरी म्हणून बाजूला ठेवलं. मी एका रविवारी सहज त्यांना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी ते आणून दिलं. पाकीट ओलं होऊन वाळलेलं होतं, कडेला शाई पसरली होती. पत्रातली मुदत उलटून गेली होती. त्यातून सावरायला सात महिने गेले. म्हणून तुझी ती ओळ वाचली आणि माझ्या पोटात गोळाच आला.

आता दुसरी गोष्ट, मेडिकल. ते धरलं जातं तपासणीच्या तारखेपासून १२ महिने. तुझं होऊन १४ महिने झाले. म्हणजे दुसऱ्या पत्रानं मुदत वाढवून दिली नसेल तर ते संपलेलं आहे. याचा अर्थ फाइल बाद झाली असा नाही. पुष्कळांचं असं होतं. निकाल जवळ आला की खातं पुन्हा मेडिकल करायला सांगतं किंवा जुनंच पुढं चालवून घेतं. तू मात्र घाईनं आपण होऊन डॉक्टरकडे जाऊ नकोस. खात्याचं पत्र आल्यावरच, त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच जायचं, आणि पत्र आलं की ३० दिवसांच्या आत. मात्र विचारायला हरकत नाही, आणि 'हो, करा' किंवा 'थांबा' असं उत्तर या प्रश्नाला देता येतं.

तेव्हा नवऱ्याला सांग, पंधरवड्याचे वेबफॉर्म बंद. आता एकच जाऊ दे, आणि तो असा. वर तुझं पासपोर्टवरचं जुनं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मदेश, यूसीआय नंबर, म्हणजे खात्यानं तुला दिलेला ओळख क्रमांक, आणि अर्जाचा नंबर. मजकूर इंग्रजीतच लिहायचा, पण आशय इतकाच असू दे: "लग्नानंतर माझं नाव बदललं असून अमुक तारखेला नवा पासपोर्ट मिळाला आहे. जुना नंबर हा, नवा हा. दोन्हींची पानं आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडला आहे. कृपया फाइलमध्ये नोंद करावी. माझी वैद्यकीय तपासणी अमुक तारखेला झाली होती, तिला १२ महिने उलटून गेले आहेत. नव्यानं करायची असल्यास कृपया सूचना पाठवाव्यात." बस. आपण किती दिवस दूर आहोत, घरात कुणाची तब्येत बरी नसते, हे सगळं खरं असलं तरी या पत्रात नको. त्याला वेगळी जागा आहे, सांगते पुढं.

विवाह नोंदणीचा दाखला इथं फार कामाचा आहे, कारण त्यावर तुझं माहेरचं नाव असतं. जुनं नाव आणि नवं नाव यांना जोडणारा तोच कागद. दाखला मराठीतच असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र लागेल. वेबफॉर्म गेला की येणारं स्वयंचलित उत्तर जपून ठेव, त्यावर तारीख असते. मग निदान दोन महिने गप्प बसायचं. जड जाईल, कल्पना आहे.

१७ महिने फार झाले का, असं तू थेट विचारलं नाहीस, पण सगळ्या पत्रातून तोच प्रश्न डोकावतो. २०१६ च्या डिसेंबरात कॅनडा सरकारनं जाहीर केलं होतं की नवरा-बायकोच्या बहुतेक फाइली १२ महिन्यांत निकाली काढू. ते उद्दिष्ट होतं, हमी नव्हे. सध्या किती वेळ लागतो तो अंदाज खात्याच्या संकेतस्थळावर दिसतो आणि बदलत राहतो. फाइल कॅनडाबाहेरून टाकलेली आहे आणि नवरा क्यूबेक प्रांताबाहेर राहतो, हे दोन पर्याय बरोबर निवडून बघायला सांग. क्यूबेकचं गणित वेगळं आहे, तिथला आकडा बघून उगाच धसका घ्याल. आणि 'प्रक्रिया सुरू आहे' महिनोन् महिने तसंच राहिलं म्हणजे नकार येणार, असा अर्थ कधी काढू नकोस. सुरक्षेची तपासणी चालते ती दुसऱ्याच यंत्रणांकडे, त्यांची उत्तरं येईपर्यंत इमिग्रेशनचा अधिकारीही थांबलेलाच असतो.

फाइलमध्ये नेमकं काय लिहिलंय ते बघण्याचा सरळ मार्ग आहे. त्याला सगळे 'जीसीएमएस नोट्स' म्हणतात. जीसीएमएस ही खात्याची संगणकावरची नोंदवही. कोणता टप्पा पार पडला, कोणता अडला, अधिकाऱ्यानं काय शेरा मारला, हे तिच्यात असतं. नवरा कॅनडात आहे, त्यानं तुझी सही केलेली संमती जोडून माहिती मागवली तर ५ डॉलर फी पडते. २०२२ पासून परदेशात असलेल्या माणसालाही स्वतःची वैयक्तिक माहिती थेट मागवता येते, त्याला फी नाही. कायद्यानं ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, प्रत्यक्षात कधी जास्तही लागतात. वेबफॉर्म पाठवल्यावर दीड-दोन महिन्यांनी नोट्स मागवा, म्हणजे पासपोर्टची नोंद झाली की नाही तेही त्यात दिसेल. पीडीएफची पुष्कळ पानं येतात, निम्मी अगम्य वाटतील. पात्रता, मेडिकल, सुरक्षा, गुन्हेगारी तपासणी, एवढे शब्द शोधा आणि त्यांच्यापुढं काय लिहिलंय ते वाचा. कुठंतरी तुमच्या लग्नाबद्दल शंकेचा शेरा दिसला तर घाबरून न जाता पुरावे जमवायला लागा.

शंका का येईल म्हणशील, तर तीन आठवड्यांचा सहवास आणि मग दोन वर्षं दूर, हे कागदावर वाईट दिसतं. आपल्याकडचं कांदेपोहे, बघण्याचा कार्यक्रम, साखरपुडा, हे सगळं अधिकाऱ्याला माहीत असेलच असं नाही. साखरपुड्यापासूनचे फोटो, दोन्ही घरची माणसं दिसतील असे, तारखांसह ठेव. त्यानं पाठवलेल्या पैशांच्या पावत्या. रोजच्या व्हिडिओ कॉलची नोंद. डिसेंबरात तो येईल तेव्हाची विमानाची तिकिटं, बोर्डिंग पास, दोघांचे फोटो. हे सगळं एका फोल्डरमध्ये तारखेनुसार लावून ठेव. मागितलं की देता आलं पाहिजे, न मागता रोज पाठवू नका.

तो वेबफॉर्म जाऊन दोन-अडीच महिने झाले, नोट्स आल्या आणि तरी काही हललं नाही, तर नवऱ्यानं आपल्या भागाच्या खासदाराच्या कचेरीत जावं. आपल्याकडे खासदाराकडे जायचं म्हणजे कुणाची तरी चिठ्ठी लागते, तसं तिकडे नाही. पोस्टल कोड टाकला की आपला एमपी कोण ते कळतं. कचेरीत इमिग्रेशनच्या फाइली बघणारा माणूसच नेमलेला असतो, संमतीच्या फॉर्मवर सह्या लागतात, पैसा एक लागत नाही. नवरा पीआर आहे, मतदार नाही, म्हणून त्याला संकोच वाटेल. वाटू देऊ नकोस, त्या भागात राहतो एवढं पुरे. आणि दूर राहण्याचा त्रास, घरातलं आजारपण, डॉक्टरांचे कागद, हे मन मोकळं करून सांगायची जागा ही. खासदार निकाल बदलू शकत नाही, पण त्याच्या कचेरीनं विचारलं की कुणाला तरी फाइल उघडून बघावी लागते. शेवटचा मार्ग फेडरल कोर्टाचा. उशीर अवाजवी आहे, तो आपल्यामुळे झालेला नाही आणि त्याचं पटण्यासारखं कारण खात्यानं दिलेलं नाही, हे दाखवता आलं तर कोर्ट खात्याला निर्णय द्यायला सांगू शकतं. निर्णय द्या असं सांगतं, होकार द्या असं नाही. त्याला वकील लागतो, खर्च असतो, आणि तुझ्या फाइलमध्ये कळवायचं राहून गेलेलं असताना तिकडे जायची वेळ अजून आलेली नाही.

आता सासऱ्यांचा एजंट. सासरे तुझ्या काळजीपोटीच बोलतायत, त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांना एवढंच सांग: कॅनडाच्या कायद्यानुसार पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा अधिकार तिथल्या वकिलांना, वकिलांच्या प्रांतिक संस्थेचे सभासद असलेल्या पॅरालीगलना, क्यूबेकच्या नोटरींना आणि तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजच्या, म्हणजे त्यांच्या नियामक संस्थेच्या, सभासदांनाच आहे. त्या कॉलेजची यादी इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे. त्या माणसाचं नाव यादीत शोधायचं. नसेल तर विषय तिथंच संपला. असेल तरी 'आत ओळख आहे' म्हणणाऱ्याकडे जायचं नाही, कारण तशी ओळख नसतेच. दीड लाख गेले तर वाईट, पण त्याहून वाईट म्हणजे अशी माणसं फाइल 'मजबूत' करायला खोटा कागद घुसडतात. खोटी माहिती दिली असं ठरलं तर ५ वर्षं कॅनडाचं दार बंद. कागद एजंटानं घातला, मला माहीत नव्हतं, हे सहसा ऐकून घेतलं जात नाही. सही तुझी असते.

बाळाबद्दल तू चाचरत विचारलंस, मी सरळ सांगते. गरोदर राहिलीस म्हणून अर्ज नाकारत नाहीत. पण दोन गोष्टी नवरा-बायकोनं बसून बोला. एक, मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे असतो. गरोदरपणात तो बाळंतपणानंतर करायचा पर्याय असतो, आणि तुझं मेडिकल पुन्हा व्हायची शक्यता मी वर सांगितलीच. तसं झालं तर तेवढे महिने वाढतील. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नवरा अजून पीआर आहे, नागरिक नाही. तेव्हा बाळ भारतात जन्मलं तर ते जन्मानं कॅनडाचं नागरिक होणार नाही. जन्म झाल्याबरोबर कळवायचं, बाळाचं नाव फाइलमध्ये घालायचं, त्याचा पासपोर्ट, त्याचं मेडिकल. उशीर नको म्हणून बाळाबद्दल न सांगता तू तिकडे जाऊन पीआर झालीस, तर पुढं त्याच बाळाला कुटुंब म्हणून स्पॉन्सर करता येत नाही असा तिथला नियम आहे. विमानात बसायच्या आदल्या दिवशी जरी घरात माणूस वाढलं, तरी ते आधी सांगायचं. यापुढचा निर्णय तुमचा दोघांचा. सासूबाईंचाही नाही आणि फाइलचाही नाही.

मध्ये एकदा व्हिजिटर व्हिसावर जाऊन यावं का, असंही डोक्यात येईल. पीआरची फाइल चालू आहे म्हणून व्हिजिटर व्हिसा मागता येत नाही, असं नाही. कायमचं जायची इच्छा असूनही तात्पुरतं जाता येतं, मुदतीत परत येईन हे अधिकाऱ्याला पटलं पाहिजे. नोकरी सोडून घरी बसलेल्या मुलीला ते पटवणं अवघड जातं.

म्हणून पतसंस्थेत जाऊन विचार, जागा आहे का. व्हिसासाठी नाही झालं तरी तुझ्यासाठी. १७ महिने तू रोज सकाळी मोबाइल उघडून एकच ओळ वाचतेस आणि मग दिवस सुरू होतो. त्यापेक्षा दहा वाजता काउंटरवर बसलीस, पिग्मीचे हिशेब लावलेस, कुणाशी दोन शब्द बोललीस, तर ती ओळ संध्याकाळी बघितली तरी चालेल. पत्र आलं की राजीनामा देता येतो. आणि शेजारच्या काकूंना सांग, "हो काकू, अजून इथंच." रोज सांग. पत्र येईल त्या दिवशी त्यांनाच आधी सांगशील.

आज पहिलं काम, दोन्ही पासपोर्टांची पहिली आणि शेवटची पानं स्कॅन कर. फोटो नको, झेरॉक्सच्या दुकानात नीट स्कॅन करून घे. जुन्यावर रद्दचा शिक्का असेल, कोपरा कापलेला असेल. तो कापलेला कोपराही स्कॅनमध्ये दिसू दे.